अजगराच्या शास्त्रीय नावातला तिसरा शब्द 'मोल्युरस' ठेवायचा की खोडायचा?

मुलुंडकर: आमची सोसायटी नॅशनल पार्कला अगदी लागून. पावसात अजगर निघतोच आणि लोक काठ्या घेऊन धावतात, म्हणून गेटवर माहितीफलक लावतोय. मी त्यावर अजगराचं शास्त्रीय नाव 'पायथॉन मोल्युरस मोल्युरस' लिहिलं, एकाने शेवटचा शब्द खोडला. मला तो हवाय. टीव्हीवर सारखा बर्मी अजगर दाखवतात. आपला वेगळा आहे, हे त्या तिसऱ्या शब्दानेच कळतं.

दादरची शिक्षिका: खोडलं ते बरोबरच. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये आपल्या अजगराला मोल्युरस म्हटलं. कूलने १८२० मध्ये नाव दिलेला बायव्हिटॅटस, म्हणजे बर्मी अजगर, पुढे त्याचीच उपजाती मानला गेला. म्हणून आपल्याकडच्या उपजातीला जातीचंच नाव पुन्हा जोडावं लागलं, तसा नियमच आहे. २००९ मध्ये जेकब्स, आउलिया आणि ब्योम यांनी बर्मी अजगर स्वतंत्र जाती ठरवला. आपल्या अजगराच्या वरच्या ओठाचा एक खवला थेट डोळ्याला टेकतो, बर्मीत मधे बारीक खवल्यांची ओळ असते. शिवाय काही भागांत दोन्ही एकाच मुलखात राहूनही वेगळे राहतात. वर्गात दोन सुनीता असल्या तर 'सुनीता के.' म्हणावं लागतं. एक शाळा सोडून गेली की नुसती सुनीता पुरते.

मुलुंडकर: आणि श्रीलंकेचा अजगर, पिंबुरा? देरानियागला या अभ्यासकांनी १९४५ मध्ये तो मोल्युरसचीच उपजाती म्हणून मांडला होता. उद्या कोणी तो पुन्हा मान्य केला तर आपला तिसरा शब्द परत येणार. मग आज पुसायची घाई कशाला?

दादरची शिक्षिका: कारण आज बहुतेक अभ्यासक पिंबुरा वेगळा मानत नाहीत. पुरावा आला तर मीच फलक बदलायला येईन. नाव बदलणं म्हणजे अभ्यासकांची लहर नव्हे, मुलांना हे कळलं पाहिजे.

ठाण्याचा वकील: मी मुलुंडकरांच्या बाजूने. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस कराराच्या पहिल्या परिशिष्टात अजगर तीन शब्दांनीच नोंदलाय, 'पायथॉन मोल्युरस मोल्युरस'. बाकीचे सगळे पायथॉन दुसऱ्या परिशिष्टात. पहिल्यात जंगलातून पकडलेल्या प्राण्याचा धंदेवाईक व्यापार बंद, दुसऱ्यात परवान्याने चालतो. कातडं पकडलं गेलं की खटला त्या शब्दांवर उभा राहतो. विज्ञान पुढे गेलं म्हणून कराराचे शब्द आपोआप बदलत नाहीत.

दादरची शिक्षिका: खटल्याच्या कागदावर जरूर लिहा. गेटवरचा फलक कस्टमचा अधिकारी वाचणार नाही, चौथीतली मुलं वाचतील.

आरेतला सर्पमित्र: शब्द दोन ठेवा नाहीतर तीन, पण फलकावर घोणस आधी हवी! पिल्लू अजगर समजून लोक घोणशीजवळ जातात, हे मी दर पावसाळ्यात बघतो. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, अजगराच्या अंगावर वेडेवाकडे मोठे पट्टे. अजगर बिनविषारी, घोणस जीव घेते. ओळखता आलं तरी हात लावू नका, वनखात्याला कळवा.

मुलुंडकर: घोणशीचा फोटो सगळ्यात वर घेतो. वकीलसाहेब म्हणतात त्यावरून माझं मत आणखी पक्कं झालंय, तिसरा शब्द राहणार. बाई, खवल्यांचं चित्र तुम्ही काढून द्याल का?