गर्भपिशवीचं ऑपरेशन: कमरेतून भूल की पूर्ण भूल? नंतर कशात कमी दुखतं?

मेधा, इंदूर
गाठींमुळे आईची गर्भपिशवी काढायची ठरली आहे, पोटावर छेद घेऊन. भूलतज्ज्ञ कमरेतून भूल देऊ म्हणाले. आई मात्र अडून बसलीय, ‘मला पूर्ण झोपवा.’ लोकमान्य नगरच्या तिच्या भिशीत कुणीतरी सांगितलंय, त्या सुईने कंबर जन्माची धरते. मला नंतरच्या दुखण्याचीही धास्ती आहे. कुणी जवळून पाहिलंय का?

उज्ज्वला, रामबाग
मेधा, मी स्त्रियांच्या वॉर्डात सिस्टर होते, म्हणून लिहिते. फरक दिसतो तो पहिल्या रात्री. पूर्ण भुलीतून बाई जागी होते तीच कण्हत. घसा नळीने खवखवलेला, त्यात मळमळ. उलटीचा उमाळा आला की दोन्ही हातांनी टाके दाबून धरते, बघवत नाही. कमरेतून भूल दिलेली बाई वॉर्डात येते तेव्हा पाय जड असतात, पण ती घरच्यांशी बोलत असते. तो बधिरपणा दोन-चार तासांत उतरतो. त्याच सुईतून मॉर्फिनचा बारीकसा डोस, 100 ते 150 मायक्रोग्रॅम, दिला असेल तर पुढे 18 ते 24 तास ठणका आटोक्यात राहतो. मात्र अंगाला खाज सुटते, कधी उलटीही होते, आणि रात्रभर श्वासावर लक्ष ठेवावं लागतं. तो देणार का, हे आधीच विचार.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दोघींचं दुखणं जवळजवळ सारखंच. तेव्हा दुखण्याच्या गोळ्या वेळच्या वेळी मिळणं महत्त्वाचं. ‘दुखलं तर सांगा’ म्हटलं की आपल्या बायका सांगतच नाहीत, दात-ओठ खाऊन पडून राहतात. तू स्वतः घड्याळ लावून विचारत जा.

मेधा
आणि कंबर? दुर्बिणीतून केलं तर?

भूलतज्ज्ञ, वडोदरा
सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, जन्माची कंबरदुखी त्याने होत नाही. डोकं दुखू शकतं, बसलं की वाढतं, आडवं झालं की उतरतं; हल्लीच्या बारीक सुयांनी ते बरंच कमी झालंय. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात आणि डोक्याकडची बाजू खाली करतात, म्हणून बहुधा पूर्ण भूलच लागते. छेद लहान, पण त्या गॅसमुळे नंतर खांदा दुखतो.

आईंना हेही सांगा, कमरेतून भूल दिली तरी शिरेतून झोपेचं औषध देता येतं. आत काय चाललंय ते ऐकत पडावं लागत नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

मेधा
हो, क्लोपिडोग्रेल. झोपेचं औषध मिळतं म्हटल्यावर आई जरा सैलावली.

भूलतज्ज्ञ, वडोदरा
मग आजच तुमच्या भूलतज्ज्ञांना फोन करा. कमरेत सुई घालण्याआधी ती साधारण 5 ते 7 दिवस थांबवावी लागते. पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंनी मनाने बंद करू नये, विशेषतः स्टेंट असेल तर.