मदत हवी आहे : कथकची पदवी घेताना शिकवणं आणि रंगमंचाची बाजू कुठे नीट शिकायला मिळेल?

नमस्कार मंडळी,

माझी लेक यंदा बारावी झाली. सांगलीत लहानपणापासून कथक शिकतेय. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा ही परीक्षा पूर्ण झाली आहे, दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळाले. आता तिला पदवीच नृत्यात करायची आहे. घरात याला कुणाचा विरोध नाही. कुठे पाठवायचं हे मात्र ठरत नाहीये, कारण तिला फक्त नाचायचं नाही.

तिला कथक शिकवणाऱ्या ताईंच्या क्लासमध्ये छोट्या मुलींकडून तत्कार (कथकचं पायांचं मूलभूत काम) करून घ्यायचं काम तिच्याकडे असतं. सहा वर्षांच्या मुलीला समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) कसं आणायचं, आधी हातावर ताल पक्का करून मग पायात कधी द्यायचा, गुडघे कसे जपायचे, हे तिला रीतसर शिकायचंय.

दुसरी ओढ प्रकाशयोजनेची. इथल्या एका कार्यक्रमात ठुमरीवर भाव चालू असताना रंगीत दिवे गरागरा फिरत राहिले, चेहरा दिसेचना. ती तेव्हा फार हळहळली होती. आता भावे नाट्यमंदिरात नाटकाला गेलो तरी ती आधी दिवे कुठे टांगलेत ते बघते. सगळा प्रकाश समोरून टाकला की अंग सपाट दिसतं, विंगेतून बाजूने आला की हस्तकांची (हातांच्या हालचालींची) रेषा आणि चक्कर (गिरकी) उठून दिसते, हे मला तिनेच दाखवलं. नृत्य समजून दिवे लावणारी आणि तबला, पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं), घुंगरू यांचा आवाज जुळवून घेणारी माणसं आपल्याकडे फार हवी आहेत, असं मला मनापासून वाटतं.

पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आमच्या यादीत पहिलं आहे. तिथे नृत्य, संगीत आणि नाट्य एकाच छताखाली आहे. पण नृत्याच्या मुलांना नाट्यविभागात नेपथ्य-प्रकाशाचं प्रत्यक्ष काम करायला मिळतं का? की दोघांची वेळापत्रकं जुळतच नाहीत? बडोद्याला सयाजीराव विद्यापीठात कथक आहे, छत्तीसगडमधल्या खैरागढलाही आहे. मुंबईला कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा हे नृत्यमहाविद्यालय आहे, पण त्याची ओळख मोहिनीअट्टम आणि भरतनाट्यमसाठी जास्त. तिथे कथकवालीने जावं का?

गुरू बदलण्याचीही धास्ती आहे. आमच्या ताई जयपूर घराण्याच्या, पायांवर आणि लयकारीवर (लयीच्या खेळावर) भर देणाऱ्या. लखनौ अंगाच्या गुरूंकडे गेल्यावर हात, नजर, उभं राहणं सगळं नव्याने घडवावं लागतं म्हणतात. पदवीच्या वर्षांत ते जमतं का, की मूल अधांतरी राहतं? जे यातून गेलेत त्यांनी हे जरा सविस्तर लिहा.

आणखी एक, रियाजाची जमीन. लाकडी आहे की थेट फरशी? लेकीची नडगी मधूनमधून दुखते, त्यामुळे रोजचा तत्कार फरशीवर नको वाटतो.

पुढच्या वाटेबद्दल एवढं कळलंय की महाविद्यालयात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा). नेटला नृत्य आणि नाट्य एकाच विषयात येतं, म्हणजे तिची नाट्याची आवड तिथेही कामी येईल. शाळेत नृत्यशिक्षिका व्हायला नृत्याच्या पदवीनंतर बी.एड. करता येतं का? आणि केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती (महिना ५००० रुपये, दोन वर्षं) कॉलेज चालू असताना कुणी घेतली आहे का? त्यात गुरूंकडचे तास वेगळे दाखवावे लागतात का?

अर्ज भरण्याआधी आम्ही दोघी पुणे आणि बडोदा बघून येणार आहोत. वर्गात बसू देतात का, आणि तिथे गेल्यावर कोणाला काय विचारावं, हेही सांगा. यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर ठाऊक असेल तरी जरूर लिहा.

— सांगलीची आई