मदत हवी आहे: धमनीतली गुठळी आणि नॅनोकण
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात बाबांच्या उजव्या पायाच्या धमनीत गुठळी झाली. पाऊल बर्फासारखं गार, बोटं निळसर. गुठळी विरघळवणारं औषध दिलं, पाय वाचला; पण रक्तस्रावाच्या भीतीने ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हालाच ठाऊक. हिरड्यांतून जरा रक्त दिसलं तरी आई घाबरायची.

तेव्हापासून वाचतेय. 2012 मध्ये हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या संस्थेतल्या संशोधकांनी नॅनोकणांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, प्लेटलेटएवढे गोळे बनवले, त्यांवर टीपीए हे गुठळी विरघळवणारं औषध चढवलं. धमनी चोंदते तिथे रक्तप्रवाहाचा घासणारा ताण वाढतो, त्याने गोळे फुटतात आणि औषध नेमकं गुठळीवर बसतं. उंदरांत खूप कमी डोसमध्ये काम झालं. शिवाय लोहाचे चुंबकीय नॅनोकण वापरले तर ते एमआरआयमध्ये दिसतात, म्हणजे गुठळी विरघळतेय का हेही बघता येईल.

इथे कोणी व्हॅस्क्युलर सर्जन किंवा नॅनोमेडिसिनवाले आहेत का? माणसांवर अशा चाचण्या कुठवर आल्यात? आपल्याकडे सीटीआरआयवर (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीच्या साइटवर) शोधायचं तर कोणते शब्द टाकू? आणि हे कण नंतर यकृतात साठून राहतात का? बाबांचे उपचार डॉक्टर सांगतील तसेच चालू आहेत, त्यात बदल करायचा नाहीये.