जुलैचं कार्ड अकरा दिवस कुठं अडकलं असंल?

कोयनाकाठ_पाटण
नमस्कार मंडळी. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांना आलेली पोस्टकार्डं सापडलीत, मुंबईला गिरणीत असलेल्या त्यांच्या भावानं धाडलेली, 1912 ते 1923 ची. प्रत्येकावर दोन शिक्के, एक टाकल्याचा एक पोचल्याचा. जानेवारीतलं कार्ड तिसऱ्या दिवशी पाटणात आणि जुलैतलं अकराव्या दिवशी! शाईपण फुटलीय. इंग्रजांच्या काळात पोस्टाचं वर्षभराचं काम चालायचं तरी कसं? आणि आधीच्या कार्डांवर पाव आणा, 1923 च्या कार्डावर अर्धा आणा, असं का?

जुनी_तिकिटं
दराचं सांगतो. पोस्टकार्ड 1879 च्या जुलैत निघालं, पाव आण्याला म्हणजे एका पैशाला, आणि हा दर चाळीस वर्षांच्या वर टिकला, 1922 ला दुप्पट झाला. पत्राचं त्याआधीच, 1854 पासून ठरलं होतं, कितीबी लांब जाऊ दे, पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा. तिकीट न लावता टाकलं तर घेणाऱ्याकडनं डबल पैसे, त्यालाच आपल्याकडं नॉटपेड म्हणायचे. आणि एक गोष्ट सातारकरांना माहीत पाहिजे, 1852 ला सिंधमध्ये तिकिटं काढणारा बार्टल फ्रियर त्याआधी आपल्या साताऱ्यातच रेसिडेंट, म्हणजे दरबारात इंग्रजांचा प्रतिनिधी होता, राज्य खालसा झालं त्याच दिवसांत.

घाटमाथा
भाऊ, अकरा दिवस पावसानं खाल्ले. माझे पणजोबा कराड-पाटण वाटेवर डाकेचे रनर होते. कराडपर्यंत थैली रेल्वेनं यायची, पुढं माणूस. ठरलेल्या टप्प्यापर्यंत पळायचं, थैली दुसऱ्याच्या हातात द्यायची, चिठ्ठीवर वेळ लिहून घ्यायची आणि परत फिरायचं. हातात घुंगरं लावलेला भाला, जनावरं पळावीत म्हणून आणि पुढच्याला लांबनं कळावं म्हणून. आजी सांगायची की आषाढात ओढा भरला की ते थैली मेणकापडात गुंडाळून डोक्यावर घ्यायचे, वर इरलं, आणि पाणी उतरेस्तोवर काठावर उभे राहायचे, कधी कधी रात्रभर. खाली ठेवायची नाही. स्वतः भिजले तरी चालंल पण कागद भिजता कामा नये, हे त्यांच्या अंगातच होतं. तुमची शाई फुटलीय ती कुठल्या ओढ्यावर फुटली असंल असा विचार मनात आला, बरं वाटलं आणि वाईटपण.

मिरज_जंक्शन
वर्षाचा हिशेब एप्रिल ते मार्च असायचा आणि सरकार दरसाल रिपोर्ट छापायचं, पत्रं किती, कार्डं किती, मनीऑर्डरी किती, डाक लुटली कुठं, पत्ता न सापडलेली पत्रं किती. त्यात मैलांचे आकडे बघा, रेल्वेपेक्षा रनरच्या वाटा कितीतरी जास्त. सगळ्यात मोलाचं काम मला मनीऑर्डरीचं वाटतं, 1880 पासून पोस्टानं ते घेतलं आणि सातारा-सांगलीकडची अर्धी घरं मुंबईच्या पैशावर तगली. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याचा अंगठा साक्षीदारासमोर घ्यायचे, पोस्टमनच कार्ड वाचून दाखवायचा, उत्तरपण तोच लिहून द्यायचा. लहान गावांत तर शाळेचा मास्तरच पोस्टमास्तर.

कोयनाकाठ_पाटण
मनापासून आभार. मनीऑर्डरीचं वाचून जुलैचं कार्ड परत भिंगाखाली धरलं. फुटलेल्या शाईत एवढं लागलं, "लावणीला सात रुपये धाडलेत, पोचताच कळव." पोचले का, कधी पोचले, ते उत्तराचं कार्ड मुंबईला गेलं असणार.