बाबांची मारुती ८०० मोडीत काढायची आहे, विकल्यावर ती नक्की कुठे जाते? (नागपूर)

ओसरी_नंदनवन

नमस्कार मंडळी, नागपुरात जुनी गाडी भंगारात दिलेल्या कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

गाडी मारुती ८००, २००४ची, एमएच-३१ पासिंग. २०१९ला बाबांनी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली होती, तीही आता संपली. बाबा नाहीत. गाडी फाटकाच्या आत उभी आहे, टायर बसलेत आणि वायरिंग उंदरांनी खाल्लंय. पुन्हा पासिंग करायचं तर वीस वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्कच आता १०,००० रुपये आहे. वर पर्यावरण कर आणि गाडी फिट करायचा खर्च. तेवढी तर गाडीची किंमतही येणार नाही.

भंगारवाले येतात, बॉनेट उघडून बघतात, किलोवर भाव सांगतात. रोख. "ताई, आरसी तेवढी द्या, बाकीचं आम्ही पाहून घेतो." मला नेमकी त्या 'बाकीच्या'चीच धास्ती आहे. ते गाडी खरंच तोडतात की आमच्या कागदांवर दुसरीच गाडी फिरवतात? आत जे ऑइल, बॅटरी वगैरे असतं त्याचं काय होतं? आणि आरटीओतून बाबांचं नाव कोण काढणार? आई म्हणते, दे एकदाची, जागा मोकळी होईल. पुण्याहून भाऊ फोनवर म्हणतो, थांब. त्याला म्हणायला काय जातंय!

पानाबारा

ताई, आरसी देऊ नका. आधी हे.

वाडीला माझं गॅरेज आहे, गाड्या तुटताना रोज बघतो. साधा भंगारवाला पहिल्यांदा विकाऊ माल काढतो: बॅटरी, रेडिएटर, अल्टरनेटर, स्टार्टर, दरवाजे, काचा, चालू असेल तर गिअरबॉक्स. त्यावरच त्याची खरी कमाई. बॅटरीतलं शिसं कुठेही विकलं जातं, पण आतलं ॲसिड बऱ्याचदा नालीत. मग ऑइल. खालचा नट उघडतात, काळं ऑइल डब्यात, उरलेलं मातीत. ते जळकं ऑइल सेंटरिंगच्या प्लेटांना फासायला बांधकामवाले घेऊन जातात. वायरिंग जाळून तांबं काढणारेही आहेत, त्याचा धूर लांबून ओळखू येतो. राहिलेला सांगाडा गॅस कटरने कापून धर्मकाट्यावर, तिथून भट्टीवाल्याकडे.

सायलेन्सर मात्र कोणी सोडत नाही. त्यात कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्याच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. मारुतीच्या इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते ह्याच थराच्या भुकटीसाठी, तिला 'माती' म्हणतात.

आता मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग सेंटर. २०२१मध्ये हे धोरण लोकसभेत मांडलं ते आपल्याच गडकरींनी, त्याच वर्षी सप्टेंबरात सेंटरचे नियमही आले. तिथे गाडी आली की आधी चोरीची आहे का ते पोलिसांच्या नोंदींशी ताडून बघतात. मग पेट्रोल, ऑइल, ब्रेकचं तेल, कूलंट वेगवेगळं काढतात. एसीचा गॅस मशिनने ओढून घेतात, हवेत सोडत नाहीत. नव्या गाड्यांत एअरबॅग असतात, त्या आधी निकामी करतात, नाहीतर कापताना तोंडावर फुटायच्या. तुमच्या ८००मध्ये ती भानगड नाही. मग पार्ट, टायर, काच, प्लॅस्टिक वेगळं करून पत्रा प्रेसमध्ये दाबतात. मोठ्या ठिकाणी श्रेडर असतो, तिथे चुरा होऊन लोहचुंबक लोखंड उचलतं. गाडीच्या वजनात दोन तृतीयांशाच्या आसपास लोखंड-पोलादच असतं, ते भट्टीत वितळून पुन्हा सळया होतात. शेवटी उरतो तो फोम, रबर, कापडाचा भुगा. त्याचं कोणाला काही सुचत नाही, जगभर तीच रड.

गांधीबागी

काहून घाबरवता बाप्पा ताईला? माझी झेन मी भंगारातच दिली. सेंटरवाल्यापेक्षा जास्त मिळाले, तेही हातात. अजून तरी कोणी विचारायला आलं नाही.

पानाबारा

भाऊ, जास्त देणारच. त्याला ना ऑइलसाठी सिमेंटचा खड्डा बांधायचा, ना प्रदूषण मंडळाकडे जायचं. पण तुमची झेन आरटीओत आजही जिवंत आहे. उद्या तो नंबर लावून कोणी काही केलं तर पोलीस भंगारवाल्याकडे नाही, तुमच्या पत्त्यावर येतील.

नमुना३१

कागदांबद्दल लिहितो, आरटीओच्या कामांत बरीच वर्षं घालवली आहेत.

एक गैरसमज आधी काढून टाका. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी आपोआप मोडीत, हे आपल्याकडे खाजगी गाड्यांना लागू नाही. ती दिल्लीची गोष्ट. आपल्याकडे सक्ती झाली ती सरकारी गाड्यांवर, १ एप्रिल २०२३पासून. तुमची मुदत संपली आहे म्हणून ती रस्त्यावर आणता येणार नाही, पण स्क्रॅपसाठी आधी नूतनीकरण करत बसायची गरज नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. भंगारवाला हे करत नाही. सेंटर दोन दाखले देतं. गाडी ताब्यात घेतल्याचा जमा दाखला आणि तोडून झाल्यावर स्क्रॅप केल्याचा दाखला. चेसिस नंबर ठोकलेला पत्र्याचा तुकडा कापून त्यांना सहा महिने जपून ठेवावा लागतो. म्हणजे तुमचा नंबर दुसऱ्या गाडीला चिकटवायची सोयच राहत नाही.

वडिलांच्या नावावर आहे हाच खरा गुंता. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागेल. काही ठिकाणी आधी आईच्या नावावर करून आणा म्हणतात. तो अर्ज नमुना ३१. गाडीवर कधी कर्ज होतं का ते आरसीवर बघा. फेडलं असलं तरी बोजा उतरवला नसेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ लागेल. दंडाची जुनी चलनंही ऑनलाइन तपासा.

ओसरी_नंदनवन

खूप आभार दोघांचे. आरसीवर खरंच बँकेचं नाव आहे! कर्ज कधीच फिटलंय, उद्या शाखेत जाते. अजून दोन गोष्टी. गाडीतला बाबांचा कॅसेट प्लेअर काढून घेतला तर चालेल का? आणि भाऊ नवीन गाडी घेणार आहे, त्याला ह्या दाखल्याचा काही उपयोग?

पानाबारा

टेप घ्या खुशाल काढून. इंजिन, गिअरबॉक्स, बॅटरी, कॅट मात्र जागेवर असू द्या, नाहीतर भाव पाडतील. गाडी चालत नाही म्हणता, तर टोचन करून न्यायचा खर्च कोणाचा ते फोनवरच ठरवा.

नमुना३१

उपयोग आहे. जमा दाखल्यावर नव्या गाडीच्या रस्ता करात सूट मिळते. केंद्राच्या नियमात खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे, राज्य किती देतं ते भावाने शोरूममध्ये विचारावं. दाखला दुसऱ्याच्या नावे करता येतो, त्यामुळे आईच्या नावाने निघाला तरी अडत नाही. सेंटरची यादी परिवहनच्या पोर्टलवर आहे, तिथे नाव नसेल तर पाटी कितीही मोठी असो, गाडी देऊ नका. पैसे खात्यात घ्या. आणि काचेवर फास्टॅग असेल तर बंद करा, त्यातली शिल्लक परत मिळते.