शब्दचर्चा : भिंतीवरच्या चित्राला काय म्हणावे?

नांदेड (मूळ प्रश्न) : उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट आणि डेरी या शहरांत भिंतींवर रंगवलेल्या चित्रांविषयीच्या एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे आणि ‘म्यूरल’ या शब्दापाशी अडले आहे. मी ‘भित्तिचित्र’ लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या माझ्या जुन्या शिक्षकांनी ‘हा शब्द वाचला की अजिंठा दिसतो’ असे सांगून तो खोडला. लेखातली चित्रे घरांच्या रांगेच्या टोकाला असलेल्या बिनखिडकीच्या भिंतींवर आहेत : प्रोटेस्टंट वस्तीत १६९० च्या बॉइनच्या लढाईतला घोड्यावरचा राजा विल्यम, कॅथलिक वस्तीत १९८१ च्या तुरुंगातील उपोषणात मरण पावलेला आयरिश बंडखोर बॉबी सँड्स. शिवाय ‘कम्युनिटी’साठी ‘समाज’ लिहावे, तर आपल्याकडे ‘आमच्या समाजाचा मुलगा’ म्हटले की जात कळते. मग ‘दुभंगलेला समाज’ कसे लिहायचे?

परभणी : ताई, शब्द बदलू नये. ‘भित्ति’ हा शब्द ‘भिद्’ या धातूपासून आला आणि ‘भेद’ही त्याच धातूचा. म्हणजे दोन भाग पाडणे हे भिंतीच्या नावातच आहे. बेलफास्टमध्ये १९६९ पासून दोन वस्त्यांच्या मधोमध भिंती उभ्या राहिल्या आणि त्यांना तिथे ‘पीस वॉल’ म्हणतात. अशा शहरातल्या चित्रांसाठी ‘भित्तिचित्र’ हाच नेमका शब्द आहे. वाचकाला अजिंठा आठवत असेल तर तो शब्दाचा दोष मानू नये.

लातूर : सर, व्युत्पत्ती मान्य आहे, पण वापर वेगळा आहे. माझे वडील पेंटर होते. १४ एप्रिल जवळ आला की वस्तीतल्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र काढण्याचे काम त्यांच्याकडे येई. छापील चित्रावर ते पेन्सिलीने चौकोन आखत, मग निळीत भिजवलेले सूत भिंतीवर ताणून सोडत आणि तितकेच चौकोन मोठ्या मापाने पाडत. चष्मा सर्वांत शेवटी रंगवत, कारण तो चुकला की चेहरा चुकतो असे ते म्हणत. ‘भित्तिचित्र’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. ते ‘भिंतीवरचे चित्र’ म्हणत, आताची मुले ‘वॉल पेंटिंग’ म्हणतात. चित्र काढणाऱ्यांच्या तोंडी नसलेला शब्द त्यांच्या कामावर लादणे मला पटत नाही.

बीड : मृतांच्या स्मरणार्थ काढलेल्या चित्रांसाठी ‘वीरगळ’ का वापरू नये? कन्नडमध्ये ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून आपला ‘गळ’ आला. आमच्या गावी मारुतीच्या पाराजवळ एक वीरगळ आहे : खालच्या चौकटीत लढता लढता पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. आपल्या माणसाचे मरण गावासमोर मांडण्याची ही रीत मराठवाड्याला परकी नाही.

नांदेड : सूचना मोलाची आहे. परंतु वीरगळावरचे चंद्रसूर्य ‘कायमचे’ असे सांगतात आणि ही चित्रे तर बदलत राहतात. डेरीच्या बॉगसाइड भागात १९७१ मध्ये गोळी लागून मृत्युमुखी पडलेल्या १४ वर्षांच्या मुलीचे चित्र आहे. त्यातले फुलपाखरू चित्रकारांनी आधी रंगाविना ठेवले होते. शांतता टिकेल असा भरवसा वाटल्यावर त्यांनी ते रंगवले आणि शेजारची बंदूक मोडलेली दाखवली. दगडात हे करता आले नसते.

बीड : ताई, दगडही बदलतो. आमच्या वीरगळावर शेंदराची इतकी पुटे चढली आहेत की आता वीराचा चेहरा दिसत नाही आणि मुले त्याला देव म्हणतात.

जालना : मला दुसरीच गोष्ट खटकली. ताईंनी बॉबी सँड्ससाठी ‘मरण पावलेला’ लिहिले. ती भिंत ज्यांची आहे त्यांच्या लेखी तो हुतात्मा आहे आणि समोरच्या वस्तीच्या लेखी नाही. अनुवादात भिंतीचा शब्द यावा. मात्र ‘शहीद’ टाळावा. ‘हुतात्मा’ हा शब्द असताना अरबी शब्दाची गरज नाही.

लातूर : गरज आहे. ‘शहीद’चा मूळ अर्थ साक्षीदार असा आहे आणि इंग्रजी ‘मार्टर’च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचाही तोच अर्थ आहे. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले, ही यज्ञाची भाषा झाली. मराठवाड्यात निजामाच्या काळापासून उर्दू घराघरांत होती. आमच्या तोंडी ‘शहीद’ परका नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात जे गेले त्यांना आम्ही नामांतर शहीद म्हणतो.

परभणी : १४ जानेवारी १९९४ रोजी झाला तो नामविस्तार. ‘मराठवाडा’ हे नाव राहिले आणि त्याआधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आले. शब्दचर्चेत तरी हा फरक पाळावा.

लातूर : विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी जो ठराव केला तो नामांतराचा होता. माणसे गेली ती नामांतरासाठी. नांदेडला नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले, तेव्हा नामविस्तार झालेलाच नव्हता. शासनाचा शब्द शासनाने वापरावा, सर.

नांदेड : त्या एकाच शहराला डेरी म्हणावे की लंडनडेरी, असाच वाद मूळ लेखातही आहे. लेखकाने दोन्ही नावे आलटून पालटून वापरली आहेत आणि मी तशीच ठेवणार आहे. ‘समाज’चे काय करावे, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

लातूर : ‘वस्ती’ लिहून पाहा, ताई. आणि जालन्याच्या मित्रांसाठी एवढेच सांगतो : वडिलांनी वाघमारे यांचे चित्र काढले तेव्हा त्याखाली पांढऱ्या रंगात ‘शहीद’ असे लिहिले होते. त्यानंतर ती भिंत तीनदा रंगवली गेली, अक्षराचे वळण दर वेळी बदलले, शब्द तोच राहिला.