तीन फ्लॅट, तीन भाडेकरार: दरवर्षीची धावपळ कमी कशी करायची?

धायरीकर: धायरीत दोन वन बीएचके, वारज्यात एक. तिन्ही भाड्यानं दिलेत आणि तिन्हींचे करार वेगवेगळ्या महिन्यांत संपतात. दर अकरा महिन्यांनी एजंट शोधा, थंबसाठी, म्हणजे नोंदणीला लागणाऱ्या अंगठ्याच्या ठशासाठी, भाडेकरूच्या सुट्टीची वाट बघा, सोसायटीला प्रत द्या. शेजारी म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून मोकळे व्हा. चालतं का हो?

कोथरूडची काकू: शेजाऱ्यांचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 बघा. करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे भांडण झालं की अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य, खोटं ठरवायचं काम तुमचं.

आणि अकरा महिन्यांचंच खूळ कशाला? लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच आपला भाडेकरार, 60 महिन्यांपर्यंत करता येतो. मी चोवीसचाच करते. भाडं 16,000, डिपॉझिट 80,000 धरा. दोन वर्षांचं भाडं 3,84,000, डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी व्याज 16,000, झाले चार लाख. त्याचे पाव टक्का, म्हणजे मुद्रांक शुल्क फक्त हजार रुपये! शहरात नोंदणी फी आणखी हजार, एजंटचे वेगळे. दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ आणि दोघांनाही एक महिन्याची नोटीस एवढं मात्र करारात घालाच.

बाणेर_भाडेकरू: थंबसाठी दोघांनी एकत्र बसायची गरज नाही. एजंट मशीन घेऊन आधी माझ्या ऑफिसात आला, मग मालकांकडे. दोन साक्षीदार मात्र लागतात.

कोथरूडची काकू: खरंय. पण आमच्या वयाला बोटांचे ठसेच उठत नाहीत. आमच्या ह्यांचा अंगठा घेता घेता तो पोरगा रडकुंडीला आला होता. आधी हात धुवून, कोरडे करून बसा. भाडेकरूची माहिती पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर भरता येते, त्याची पावती सोसायटीला द्या.

धायरीकर: म्हणजे वारज्याचा 19 महिन्यांचा आणि धायरीचे 24 नि 21 केले, तर तिन्ही एकाच मे महिन्यात संपतील?

कोथरूडची काकू: संपतील की. पण तिघंही एकदम सोडून गेले तर तिन्ही घरं एकदम रिकामी, तेवढा विचार करा. मी दोन-दोन महिन्यांचं अंतर ठेवते.